देणगीतल्या जुन्या संगणकांची शाळेसाठी लॅब: ओपन सोर्सच्या आधारे, पायरी-पायरीने

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय३, आय५ असलेले ठणठणीत संगणक निव्वळ यादीत नाव नाही म्हणून कार्यालयांमधून बाद होतात आणि त्यातले काही शाळांच्या दारात येतात. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीच्या, दृष्टीने बघितलं तर ही यंत्रं म्हातारी नाहीतच.

पुढे जे लिहिलंय त्यामागे माझा एकच आग्रह आहे: लॅबमध्ये पंचवीस जातींची पंचवीस यंत्रं असण्यापेक्षा एकसारखी बारा असलेली बरी. शाळेत पूर्णवेळ तंत्रज्ञ सहसा नसतो. गणिताचे नाहीतर विज्ञानाचे सर आपले तास सांभाळून लॅबकडे बघतात. प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी असली की थोड्याच दिवसांत निम्म्यांवर कापड पडतं आणि ते पुन्हा निघत नाही. ओपन सोर्सचा, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, खरा उपयोग इथे होतो. परवान्याचे पैसे वाचतात ते आहेच, पण एक यंत्र मनासारखं तयार करून त्याच्या हव्या तेवढ्या नकला कुणाचीही परवानगी न घेता काढता येतात, हे जास्त महत्त्वाचं. कार्यालयाने घाऊक परवान्यावर घेतलेलं सॉफ्टवेअर यंत्रासोबत शाळेकडे येत नाही. ते यंत्रात तसंच राहिलं तर शाळा विनापरवाना सॉफ्टवेअर वापरत असते.

घेण्याआधी विचारा

फुकट मिळतंय म्हणून सगळं उचलू नका. देणाऱ्याकडून आधी मॉडेलची यादी मागवा आणि नाही म्हणायची तयारी ठेवा. नको असलेलं यंत्र एकदा दप्तरी नोंदलं गेलं की ते बाहेर काढणं हे घेण्यापेक्षा अवघड काम असतं.

माझी खालची मर्यादा अशी: ६४ बिटचा किमान दोन कोअरचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम, किंवा ती तितकी करता येईल अशी जागा. २ जीबीवर प्रणाली सुरू होते, हलतेही, पण आजच्या ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडले की ती बसते. ३२ बिटचं यंत्र सरळ नाकारा. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना वर्षानुवर्षं जागा देणाऱ्या प्रकल्पानेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे.

मग कुलपांची चौकशी. बायोसचा (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड काढला आहे का? यंत्र कंपनीच्या डिव्हाइस मॅनेजमेंटमधून (यंत्रांवर दुरून ताबा ठेवणाऱ्या व्यवस्थेतून) मोकळं केलं आहे का? क्रोमबुक जुन्या संस्थेच्या खात्याला बांधलेलं राहिलं, किंवा ॲपलच्या यंत्रावर ॲक्टिव्हेशन लॉक राहिलं, तर ते उघडायची किल्ली फक्त देणाऱ्याकडे असते, आणि संगणक तुमच्याकडे आल्यावर तिथला माणूस फोन उचलेलच असं नाही. लॅपटॉप असतील तर त्यांचे मूळ चार्जर मागा. शेवटी, यंत्रांचे सीरियल नंबर लिहिलेलं एक साधं हस्तांतरणाचं पत्र घ्या.

आधी डिस्क पुसा

देणाऱ्याने 'सगळं फॉरमॅट केलंय' असं सांगितलं तरी तुम्ही पुन्हा पुसा. फॉरमॅट केल्याने फायलींची यादी जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो, आणि आठवी-नववीतला एखादा हुशार मुलगा मोफत मिळणाऱ्या साधनांनी तो परत आणू शकतो. कुणाच्या पगारपत्रकाची गंमत शाळेत व्हायला नको.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी श्रेडओएस ही डिस्क पुसणारी छोटी प्रणाली पेनड्राइव्हवर घ्या. त्यात एनवाइप हे साधन असतं. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरे. सात-सात वेळा पुसण्याची जुनी रीत आजच्या डिस्कसाठी निव्वळ वेळ घालवणं आहे. एक टीबीच्या डिस्कला एका फेरीसाठीही काही तास लागतात, म्हणून पाच-सहा यंत्रं एकदम लावून ठेवा. एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या डिस्कला) मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही, कारण ती आतल्या आत जागा बदलून लिहिते. तिच्यासाठी बायोसमधला सिक्युअर इरेजचा पर्याय वापरा, किंवा लिनक्समधल्या 'डिस्क्स' या साधनातून तोच आदेश द्या.

यंत्र उघडा

हा भाग लोक टाळतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. प्लग काढा, झाकण उघडा, ब्रश आणि हवेच्या फुंकणीने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर (छोटे नळकांड्यांसारखे भाग) बघा. माथा फुगलेला दिसला तर ते यंत्र सुट्या भागांच्या ढिगात. रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा. चालू न होणारी काही यंत्रं एवढ्यानेच उठतात.

सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी सगळ्या यंत्रांत एकदमच बदला. ती संपली की यंत्र प्लगपासून निघाल्याबरोबर बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ विसरतं. सकाळी लॅब उघडल्यावर प्रत्येक पडद्यावर 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' अशा अर्थाची सूचना उभी असते, मुलं हाताला येईल ते बटण दाबतात, कुणी बायोसमध्ये शिरतं, आणि तासातली पहिली दहा मिनिटं तिथेच जातात. घड्याळाचा घोळ आणखी फसवा आहे. तारीख मागे पडली की ज्या संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र नुकतंच नवं निघालं आहे ते ब्राउझरला अजून लागूच न झालेलं दिसतं आणि तो पान उघडत नाही. बघणाऱ्याला वाटतं नेट गेलं. नेट चालूच असतं. चुकलेली असते ती तारीख.

यानंतर दोन तपासण्या. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून ठेवा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर ती रॅमची पट्टी बाद, तिथे दयामाया नाही. मग डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) जीस्मार्टकंट्रोलमध्ये बघा. त्यात रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या आणि संशयास्पद जागा) हे दोनच आकडे आपल्या कामाचे. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर विसंबू नका.

आता यंत्रांची वाटणी करा. एकाच मॉडेलची एकत्र ठेवा आणि अर्धमेल्या यंत्रांमधली रॅम चांगल्यांत घाला. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जबरदस्ती केली तर स्लॉट तुटेल. चार जीबीच्या दोन यंत्रांतून आठ जीबीचं एक होत असेल तर मी तेच करीन. आणि शाळेकडे थोडेच पैसे असतील तर ते दुसऱ्या कशावर घालवू नका, एसएसडीवर घाला. दहा वर्षं जुना आय३ साध्या हार्ड डिस्कवर रडतो. तोच एसएसडीवर असा चालतो की वर्गाला त्याच्या वयाचा पत्ता लागत नाही.

प्रणाली कोणती घ्यावी

यावर वाद घालणाऱ्यांना आयुष्य कमी पडतं. शाळेसाठी माझं उत्तर कंटाळवाणं आहे: लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खालची पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर हात बसलेल्या शिक्षकांना काही नव्याने शोधावं लागत नाही. तिला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीवर ती आरामात चालते. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. शाळेला हवी असते ती ही स्थिरता. उबुंटूच्या दर सहा महिन्यांनी येणाऱ्या मधल्या आवृत्त्यांचा सपोर्ट जेमतेम नऊ महिने असतो. त्या शाळेत लावणं म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर काम ओढवून घेणं.

इतर पर्याय थोडक्यात. शाळेत सर्व्हर चालवू शकणारी व्यक्ती असेल तर डेबियन एज्यु बघा. नॉर्वेत २००१ मध्ये 'स्कोलेलिनक्स' म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प शाळेचं अख्खं नेटवर्क, विद्यार्थ्यांच्या खात्यांसकट, उभं करून देतो. एज्युबंटू २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण त्याचा डेस्कटॉप जड आहे; ८ जीबी रॅम असेल तरच त्याच्या वाटेला जा. अगदीच दुबळ्या यंत्रांसाठी अँटिएक्स आहे, मात्र ते शिक्षकांना परकं वाटतं. क्रोमओएस फ्लेक्स मोफत मिळतं, पण ते ओपन सोर्स नाही आणि गूगलच्या खात्याशिवाय त्यात फारसं काही होत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का, अशी शंका शाळेच्या बैठकीत कुणीतरी काढतंच. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. तिथली काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते.

पेनड्राइव्हवरून चाचणी

प्रणालीची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिचा एसएचए२५६ चा आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे कळण्याची खूण) तिथे दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे येणाऱ्या चुका इतक्या विचित्र असतात की दोष यंत्राचा वाटतो. पेनड्राइव्ह तयार करायला व्हेंटॉय उत्तम. ते एकदा बसवलं की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करून टाकायच्या. मिंट, मेमटेस्ट, रेस्क्यूझिला (डिस्कच्या नकला काढणारं साधन) सगळं एकाच पेनड्राइव्हवर राहतं.

बूट मेनूचं बटण कंपनीगणिक बदलतं: कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. ते सापडलं की चिठ्ठी लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवा. मिंट इन्स्टॉल न करताच पेनड्राइव्हवरून सुरू होतं. तेवढ्या वेळात आवाज, वायफाय, सगळे यूएसबी पोर्ट आणि प्रोजेक्टरची जोडणी तपासून घ्या. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप सुरुवातीला ओळखल्याच जात नाहीत. अशा वेळी लॅनची केबल लावा किंवा फोनचं इंटरनेट यूएसबीने द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

प्रिंटरची परीक्षाही याच टप्प्यावर घ्या. आधुनिक नेटवर्क प्रिंटर लिनक्सला बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच सापडतात, पण काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर विंडोजच्या ड्रायव्हरवरच जगतात. मुख्याध्यापकांना दाखला छापून हवा असतो त्या दिवशी हे कळलं तर सगळा दोष लिनक्सच्या माथी बसतो.

एक आदर्श यंत्र तयार करा

सर्वांत लहान डिस्क असलेलं यंत्र आदर्श म्हणून निवडा. मोठ्या डिस्कची नक्कल लहान डिस्कवर सहजासहजी उतरत नाही, उलट मात्र बिनतक्रार होतं. यंत्रं नव्या यूइएफआय पद्धतीने सुरू होतात की जुन्या बायोस पद्धतीने, ते बघा आणि सगळ्यांवर एकच पद्धत ठेवा.

मिंट पूर्ण डिस्कवर टाका. 'एका बाजूला विंडोजही राहू द्या' असा आग्रह शिक्षकांकडून होतो. मी तो मान्य करत नाही. दोन प्रणाली म्हणजे सांभाळायच्या दोन लॅब, आणि यंत्र सुरू होताना समोर येणाऱ्या यादीत मुलं काय निवडतील याचा नेम नाही. एखादं सरकारी काम केवळ विंडोजवरच होत असेल तर कार्यालयात त्यासाठी एक यंत्र वेगळं ठेवा.

खाती तीन: व्यवस्थापक, शिक्षक, विद्यार्थी. विद्यार्थ्याच्या खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार द्यायचे नाहीत आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड फळ्यावर लिहायचा नाही (लिहिलेला पाहिला आहे). लहान वर्गांसाठी मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये पाहुणा सत्र चालू करता येतं. त्यात केलेला सगळा उद्योग, बदललेल्या वॉलपेपरपासून डेस्कटॉपवर साठलेल्या खेळांपर्यंत, लॉगआउट करताच पुसला जातो. मोठ्या मुलांचं काम साठवायला एका यंत्रावर सांबाचं (नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याच्या साधनाचं) सामायिक फोल्डर करा आणि त्यात इयत्तेनुसार कप्पे पाडा.

सॉफ्टवेअर मोजकंच टाका. मेनूत पन्नास नावं असली की कुणीच काही उघडत नाही. लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्सपेंट. जीकॉम्प्रीमध्ये शंभराहून जास्त कृती आहेत, माउस धरायला शिकण्यापासून बेरजा आणि भूगोलापर्यंत, आणि शिक्षकाला त्यातली पातळी ठरवता येते. टक्सपेंट म्हणजे मुलांचा चित्रफलक. फाइल कुठे साठवायची असले प्रश्न ते मुलांना विचारतच नाही. टंकलेखनासाठी क्लावारो. मोठ्यांसाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडेसिटी, पायथनसाठी थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं थॉनी प्रोग्रॅमची एकेक पायरी चालताना दाखवतं. नवशिक्याला चल कसा बदलतो हे डोळ्यांनी दिसतं, आणि त्यासाठी दुसरं काही बसवावं लागत नाही. ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं. नेटशिवाय हवं असेल तर त्याच धर्तीचं, स्क्रॅचचे प्रकल्प उघडणारं टर्बोवार्प लिनक्सवर मिळतं. आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम अप्रतिम आहे, फक्त फार जुन्या ग्राफिक्सवर ते अडखळतं, म्हणून आधी चालवून बघा. जिओजेब्रा शाळेत मोफत वापरता येतं. त्याचा व्यापारी वापर मात्र त्याच्या परवान्यात बसत नाही.

लिबरऑफिसबद्दल जरा जास्त लिहितो, कारण शिक्षकांचा निकाल त्यावरच ठरतो. वर्डमध्ये केलेली प्रश्नपत्रिका उघडली की ओळी सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो आणि 'हे चालत नाही' असा शेरा पडतो. कारण बहुतेकदा फॉन्ट असतो. कार्लिटो हा फॉन्ट कॅलिब्रीच्या मापाचा आहे. लिबरेशन सॅन्स आणि लिबरेशन सेरिफ हे एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचे. हे तिन्ही असले की अक्षरांची रुंदी तंतोतंत जुळते आणि ओळी जागच्या जागी राहतात. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या जुन्या फायलींचा प्रश्न वेगळा. तो फॉन्ट नसेल तर तिथे निरर्थक रोमन अक्षरांचा चिखल दिसतो, आणि असे मजकूर एकदाच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं हाच त्यावर टिकाऊ उपाय. रफारांकडे आणि जोडाक्षरांकडे तेवढी नजर फिरवावी लागते. मराठी टंकनासाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषा जोडा. इनस्क्रिप्ट ही प्रमाणित कळमांडणी मुलांना शिकवा आणि उच्चारानुसार लिहिण्याची सवय झालेल्या शिक्षकांसाठी आयबसमधून (टंकनाच्या पद्धती बदलणाऱ्या साधनातून) एम१७एनची मांडणी द्या.

सगळं झालं की अपडेट करा, अपडेट मॅनेजरमध्ये स्वयंचलित अपडेट चालू करा आणि टाइमशिफ्टमध्ये (प्रणाली आधीच्या स्थितीत परत नेणाऱ्या साधनात) एक नोंद करून ठेवा. मग हे यंत्र मुद्दाम एका शिक्षकाला आठवडाभर वापरायला द्या. राहून गेलेलं सगळं त्या आठवड्यात वर येतं, आणि ते एका यंत्रावर दुरुस्त करणं बारांवर करण्यापेक्षा स्वस्त.

नकला काढणे

रेस्क्यूझिला पेनड्राइव्हवरून सुरू करा, आदर्श यंत्राची इमेज (पूर्ण डिस्कची साठवलेली नक्कल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तीच एकेका यंत्रावर उतरवा. पडद्यावरच्या सूचना वाचत गेलात तर चुकायला फारसा वाव नाही, एक जागा सोडून: कुठली डिस्क मूळ आणि कुठली लिहायची, हे डिस्कच्या आकारावरून आणि नावावरून दोनदा खात्री करून घ्या. क्लोनझिला ही तशीच, पण अधिक रुक्ष चेहऱ्याची पद्धत. यंत्रं पुष्कळ असतील तर ती नेटवर्कवरून एकाच वेळी अनेक यंत्रांवर इमेज पाठवू शकते.

वेगळ्या मॉडेलवरही ही इमेज बहुधा चालते, कारण लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) असतात. अपवाद एनव्हिडियाच्या स्वतंत्र ड्रायव्हरचा. तो इमेजमध्ये घालू नका, गरज पडेल त्या यंत्रावर नंतर घाला.

नक्कल उतरल्यावर प्रत्येक यंत्राचं नाव बदलायचं असतं आणि मशीन आयडी (यंत्राचा वेगळा ओळख क्रमांक) नव्याने तयार करायचा असतो, नाहीतर नेटवर्कवर जुळी भावंडं एकमेकांच्या वाटेत येतात. नाव साधं ठेवा, लॅब-०१, लॅब-०२ असं, आणि तेच मॉनिटरवर आणि कॅबिनेटवर चिकटवा. 'खिडकीजवळचा बंद पडलाय' या वाक्यावर दुरुस्ती करता येत नाही. इमेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, नावात तारीख घाला आणि एकदा तरी ती इमेज परत उतरते का ते पडताळून बघा.

डिस्कच नसलेली किंवा फार दुबळी यंत्रं पुष्कळ असतील तर एलटीएसपीचा विचार करा. त्यात एक दमदार सर्व्हर सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरूनच प्रणाली पुरवतो. सांभाळायला एकच यंत्र उरतं. पण त्याला गिगाबिटचा स्विच आणि चांगल्या केबल लागतात, आणि सर्व्हर बसला की अख्खी लॅब बसते. पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नका.

नेट नसेल तेव्हा

सर्वांत तगडं यंत्र, मोठ्या डिस्कसकट, बाजूला काढा आणि त्याला लॅबचं ग्रंथालय करा. त्यावर दोन गोष्टी बसवा. किविक्सवर विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाचा संच शंभर जीबीच्या घरात जातो, मराठीचा मात्र त्यामानाने फारच लहान असून पेनड्राइव्हवर आणता येतो. कोलिब्रीत धड्यांचे व्हिडिओ आणि सराव असतात, शिक्षकाला वर्ग तयार करून मुलांची प्रगतीही बघता येते. नेट असलेल्या ठिकाणी हे साहित्य डिस्कवर घ्यायचं आणि शाळेत आणून भरायचं. बाकीच्या यंत्रांवर काहीच बसवावं लागत नाही. ती आपल्या ब्राउझरमधून लॅबच्या नेटवर्कवर या यंत्राचा पत्ता उघडतात. म्हणून त्या यंत्राचा आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या आणि तोच फायरफॉक्सचं पहिलं पान म्हणून आदर्श यंत्रातच लावून ठेवा.

नेट आहे पण मोजून मिळतं, अशी स्थिती असेल तर याच यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. एखादं अपडेट पहिल्या यंत्राने बाहेरून आणलं की बाकीच्यांना ते इथूनच मिळतं. बारा वेळा तेच उतरवावं लागत नाही.

वर्ग चालू झाल्यावर

शिक्षकाच्या यंत्रावरून सगळे पडदे बघायला, आपला पडदा सगळ्यांना दाखवायला आणि 'आता इकडे बघा' म्हणून सगळे कीबोर्ड एकदम बंद करायला व्हेयॉन किंवा एपॉप्टीस वापरा. तीस मुलांच्या वर्गात याची किंमत कळते. मात्र पडदा बघितला जातो हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका, आणि शिक्षकांच्या खोलीतल्या यंत्रांवर हे बसवू नका.

शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे 'लिनक्स म्हणजे काय' यावरचं भाषण नव्हे. त्यांना त्यांचंच काम करू द्या: गुणपत्रक कॅल्कमध्ये आणणं, प्रश्नपत्रिका रायटरमध्ये करून पीडीएफ काढणं, पेनड्राइव्ह नीट बाहेर काढणं. एक्सेलमध्ये मॅक्रो घालून केलेली निकालपत्रं कॅल्कमध्ये जशीच्या तशी चालतील असं आश्वासन देऊ नका. पुष्कळदा ती चालत नाहीत. शाळेत अशी एखादी वही-फाइल असेल तर तिची सूत्रं मॅक्रोविना पुन्हा बसवून द्या. एवढं एक काम झालं की तक्रारीचा सूर उतरतो.

दर वर्गातली दोन मुलं लॅबची राखणदार नेमा. ती पासवर्ड न घेताही पुष्कळ सांभाळतात: केबल सैल आहे का, कुठल्या माउसचं बटण अडकतंय, कुठलं यंत्र हळू सुरू होतंय. हे सगळं लॅबच्या वहीत लिहायचं. तारीख, यंत्राचं नाव, काय दिसलं, काय केलं. एकाच यंत्राचं नाव वहीत वारंवार यायला लागलं तर त्याची डिस्क किंवा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) तपासा.

बिघाडाला माझा साधा नियम आहे. पंधरा मिनिटांत उलगडलं नाही तर शोध थांबवा आणि इमेज पुन्हा उतरवा. मुलांचं काम सामायिक फोल्डरमध्ये असल्याने यंत्रावर गमावण्यासारखं काही नसतं. ताजी इमेज उतरवूनही तोच त्रास होत असेल तर दोष हार्डवेअरचा, आणि मग रॅम, डिस्क, एसएमपीएस या क्रमाने सुटे भाग बदलून बघा. आदर्श यंत्र मोठ्या सुट्टीत एकदा अद्ययावत करून नवी इमेज काढा. आवृत्तीच बदलायची असेल तर तीही तेव्हाच, सत्र चालू असताना नाही.

मेलेल्या यंत्रातून रॅम, डिस्क, एसएमपीएस, पंखा आणि स्क्रूसुद्धा काढून खोक्यात भरा. उरलेला सांगाडा साध्या भंगारात न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्या आणि पोच फायलीत लावा. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दिसली तर तिला टोचू किंवा दाबू नका, चार्जिंगलाही लावू नका. सहज निघत असेल तर काढून, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, वेगळी ठेवा आणि त्याच केंद्राकडे बॅटरी म्हणून वेगळी सोपवा.